भज्यांनी तेल किती प्यायले, त्या तोलाची कैफियत

आरंभीच लिहिणे प्राप्त की आमचे घरधनी यांणी केले ते बरे केले नाही. मनुष्याने भजी खावी, खाऊन तृप्त व्हावे, बोटे पुसावी, याविषयी आमची तक्रार नाही, परंतु भर डॉक्टरांचे खोलीत, लेकासमक्ष, सुनेसमक्ष, रक्ताच्या तपासणीचा कागद टेबलावर उघडा पडला असता, आणि डॉक्टरांनी तळलेले किती खाता ऐसा सरळ सवाल केला असता, स्वारीने प्रथम पंख्याकडे पाहिले, मग आपल्या चपलांकडे पाहिले, मग आम्हांकडे पाहिले आणि वदले, "मी कुठे खातो? ही घालते. नाही म्हटलं तर तोंड फुगवते." ज्या पुरुषाने ताट पुढे आल्यावर नाही हा शब्द उभ्या जन्मात उच्चारला नाही, त्या पुरुषाने ऐन प्रसंगी आमचे नावावर पावती फाडली. डॉक्टर आम्हांकडे ऐसे पाहू लागले की जैसे फौजदाराने मुद्देमालासकट धरिलेल्या इसमाकडे पाहावे. आम्ही पदर सावरोन गप्प राहिलो. आमचे गप्प राहणे काय चीज आहे ते घरधन्यांस ठाऊक होते, सबब परतीचे वाटेवर स्वारी रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसली.

सबब ही कैफियत लिहिणे पडले. पुढे नातवंडे होतील, त्यांची लग्ने होतील, त्यांच्या घरी कढया येतील, आणि कोणी म्हणेल की अमकीने आपल्या नवऱ्यास तेल पाजोन पाजोन आजारी पाडिले, तर त्याचे तोंडापुढे हा कागद धरावा. यांत पदरचे काही घातले नाही; चवीपुरते घातले असेल, त्यावाचून लिहिणे अळणी होते. आणि जेथे आम्ही जातीने हजर नव्हतो तेथील बोलणे कैसे लिहिले ऐसे कोणी पुसेल, तर या घराच्या भिंती पातळ आहेत आणि आमचे कान शाबूत आहेत, इतके सांगणे बस्स आहे.

राज्याचा विस्तार ऐसा की तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात दोन माणसे उभी असता तिसऱ्याने पोट आत घेऊन शिरावे. ओट्यावर दोन शेगड्यांचा गॅस, ओट्यास लागोन एक स्टूल, त्याजवर एरवी बटाट्यांची टोपली विराजमान असते, आणि दारावर माळा, ज्यात एकदा चढलेली वस्तू घरातील कोणी पुन्हा पाहिलेली नाही.

घरधनी यांची उमेद विजेची मीटरे वाचण्यात गेली. दारोदार जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारोन लोकांची चक्रे फिरताना पाहिली, आणि त्या फिरत्या चक्राची ऐसी दहशत मनात बसली की घरात काही जळताना, फिरताना अथवा वाहताना दिसले की स्वारीस चैन पडत नाही. आम्ही खोलीत वाचीत बसलो असता दिवा मालवितात. पाहुणा पंख्याखाली घाम पुशीत असता पंखा बंद करितात आणि वर विचारितात, "गारवा आहे ना आज?" आता पेन्शनीत आहेत, दुसऱ्यांची मीटरे उरली नाहीत, म्हणोन सगळी दौलत आमचेच घरावर.

चिरंजीव कचेरीत खुर्चीवर बसोन दुसऱ्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांस कागद पाठवितात. अलीकडे सकाळी पळू लागले आहेत; पाठीस कोणी लागले नसता पळतात. त्यांचे फोनात एक यंत्र आहे, त्यास पदार्थाचे नाव सांगितले की त्यात कॅलरी किती ते सांगते. ही कॅलरी म्हणजे मोठी दगलबाज फौज. डोळ्यांस दिसत नाही, दाताखाली लागत नाही, आणि मुक्काम मात्र कमरेवर ठोकते.

सूनबाई पार्सलांचे कचेरीत काट्यावर बसते. मोठी चोख बाई. गिऱ्हाइकाने बोलता बोलता पार्सलावर कोपर टेकविले तर म्हणते, "काका, तुमचं पण पाठवायचं आहे का? मग हात काढा." आम्हांस ती आवडते, हे तिला सांगितलेले नाही.

तर डॉक्टरांकडून परतताच चिरंजीवांनी चपला न काढिता दरबार भरविला आणि फर्मान काढिले की आजपासून या घरात भजी बंद, कढई माळ्यावर, आणि घरधन्यांनी दुपारी चार वाजता काकडी खावी. कढई माळ्यावर जाती तर आमचे काय उरले? घरास वाटावे की डॉक्टर खरे, नवरा खरा, आणि जिने हयातभर रांधोन घातले तीच बाधली. कढई लोखंडाची होती. परंतु तिजबरोबर आमचे नाव माळ्यावर जाणार होते, आणि माळ्यावरील जिन्नस खाली येत नाही हे वर लिहिलेच आहे.

मग आम्ही कमरेस पदर खोचिला आणि म्हटले, "कढईला हात लावायच्या आधी मला सांग, माझ्या भज्यांचा गुन्हा काय?"

चिरंजीवांनी फोन पुढे केला. "आई, एका बशीत पाव वाटी तेल असतं. हे बघ."

"कुठल्या बशीत? माझ्या, का तुझ्या फोनातल्या?"

"सगळ्यांच्याच."

"म्हणजे माझी भजी आणि त्या नाक्यावरच्या गाडीवरची, जी पिळून दिवा लावता येईल, दोघींना तू एका पंगतीत बसवलंस?"

"फोनला थोडंच कळतं कुणाची भजी ते!"

"मग ज्याला कळत नाही त्याचं ऐकून तू माझी कढई माळ्यावर चढवतोस?"

यावर चिरंजीव क्षणभर हटले, परंतु लेक आमचाच, सबब जागा सोडिली नाही. त्यांनी नवी फळी उभी केली की पालकाचे सत्त्व उकळत्या तेलात जळते आणि बटाटा हा नुसता पिष्टाचा गोळा. आम्ही उलट मारा केला की पीठ डाळीचे आहे, डाळ अंगी लागते, कांदा आहे, ओवा आहे, आणि पानात पडलेला पालक जो पोरगा लहानपणी ताटाखाली लपवीत होता तोच पालक भज्यात बारा वर्षे निमूट खाल्ला, तेव्हां सत्त्व जळले असेल तर हा सहा फूट कशावर वाढला? मग चिरंजीव म्हणाले की प्रश्न पालकाचा नाही, तेलाचा आहे. आम्ही म्हटले, माझी भजी तेल पीतच नाहीत. चिरंजीव म्हणाले, पितात. आम्ही म्हटले, नाही पीत. ऐसा तोफखाना दोहों बाजूंनी चालला, आणि ज्यांच्यामुळे हे युद्ध पेटले ते घरधनी कोठे आहेत म्हणोन पाहिले तर दुसऱ्या खोलीत दिवा मालवोन बसले होते.

तेव्हां सूनबाई मध्ये पडली. ओढणी खुंटीस लावोन म्हणाली, "भांडता कशाला? तोलूया की."

तिची मसलत ऐसी की तळण्यापूर्वी तेलासकट कढई तोलावी, तळोन झाल्यावर चुरा काढोन पुन्हा तोलावी, मध्ये जे घटले ते भज्यांनी प्यायले. इतकी सोपी मसलत आजवर कोणास सुचली नाही याचे कारण इतकेच की भजी समोर असता कोणी मसलत करीत नाही, खातो.

मग तहाच्या अटी ठरल्या त्या येणेप्रमाणे. बशीमागे तेल फोन सांगतो त्याच्या निम्म्याहून कमी निघाले तर कढई चुलीवर राहील. निम्मे अथवा अधिक निघाले तर कढई माळ्यावर, आणि आम्ही मुकाट्याने भाज्या वाफवू. घरधन्यांस कौल विचारिला तेव्हां वदले, "मला काय, दोन्ही चालेल." ऐसा मोहरा ज्याच्या बाजूस असेल त्याने लढाई आधीच हरली समजावी, म्हणोन दोन्ही पक्षांनी त्यांस आपल्याकडे घेण्यास नकार दिला.

रविवारी दुपारी फौज सिद्ध जाहली. कांदा उभा चिरोन मीठ लावोन बिनीस ठेविला, बटाट्याच्या चकत्या पाण्यात दबा धरोन बसल्या, पालक धुवोन फडक्यावर पसरला, आणि मोठ्या पातेल्यात डाळीचे पीठ, तिखट, हळद, ओवा यांची कालवाकालव आम्ही जातीने केली. सोडा घातला नाही. सोडा घातला की भजे फुगते आणि फुगलेले भजे तेल ओढते, हे आम्ही मानितो. सूनबाईने कचेरीतील जुना काटा आणिला होता, तो जेवणाचे टेबलावर मांडिला, त्यावर पोळपाट, पोळपाटावर कढई, कढईत तेल. आकडा स्थिर होईतो कोणी श्वास घेऊ नये ऐसा तिचा हुकूम सुटला. चिरंजीवांस शिंक आली ती त्यांनी गिळिली. मग आकडा फोनात नोंदिला आणि कढई चुलीवर चढली.

पुढे जे रण माजले त्याचे वर्णन किती करावे! तेल तापले, कांदा उतरला, चर्र ऐसा नाद उठला, वास जिन्यावरोन खाली गेला, दुसऱ्या मजल्यावरील शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालावयाचे निमित्ताने दोनदा वर आली. आम्ही घाणा सोडीत होतो, सूनबाई झाऱ्याने परतीत होती, मध्ये आम्ही पालकाची देठे खुडावयास वळलो, पुन्हा घाणा, पुन्हा झारा. परात भरली. मग कढई निवली, चुरा काढिला, कढई पुन्हा पोळपाटावर चढली, आणि सूनबाई काट्यावर वाकली ती वाकलेलीच राहिली.

"काय झालं?" चिरंजीवांनी पुसिले.

"वाढलंय."

"काय वाढलंय?"

"तेल. आधीपेक्षा जास्त आहे."

परातभर भजी तळोन कढईत तेल वाढले, ऐसा चमत्कार कोठे ऐकिला नव्हता. प्रथम आवाज फुटला तो घरधन्यांस. दुसऱ्या खोलीतोन लगबगीने आले, परातीतील एक भजे उचलोन उजेडात धरिले, आणि तोंडावर मोठे तेज आले. "म्हणजे भजी तेल पीत नाहीत, उलट सोडतात! अरे, मग मी औषधच खात होतो की!" ऐसे म्हणोन औषधाची एक मात्रा तोंडात टाकिली.

आमचे मनात आले की फत्ते जाहली, आता गप्प बसावे. परंतु सूनबाईस गप्प बसवेना. काट्यावर बसणारी बाई, तिला आकडा खोटा वाटला की जेवण गोड लागत नाही. तिने काटा उलटा करोन पाहिला, पाण्याची बाटली तोलोन पाहिली, काटा खरा होता. मग तिची नजर ओट्यावरील तेलाच्या किटलीवर गेली. किटली उचलिली, हलविली. मग ती तांबडी जाहली, कानापर्यंत.

"आई," ती म्हणाली, "मीच ओतलं."

"कधी?"

"तुम्ही देठं खुडत होता तेव्हा. तेल खाली गेलेलं दिसलं आणि हात गेला हो. मला कळलंसुद्धा नाही. दोनदा गेला असेल."

चिरंजीव ऐसे हसू लागले की टेबल हलोन काट्यावरील आकडे पळू लागले. "अगं, तू! गिऱ्हाइकाचं कोपर काट्यावर चालत नाही तुला, आणि इथे किटलीभर तेल ओतून बसलीस?"

"तू नको बोलूस," ती म्हणाली, "तुला तर किटली कुठे असते हेही माहीत नाही."

आम्हीही चिरंजीवांस चूप केले. कारण तिचा हात गेला तो आम्ही लाविलेल्या वळणाने गेला. भजे बुडाले पाहिजे, तेल उतरले की ओत, विचारीत बसू नको, हे तिला या घरात आल्या दिवसापासोन सांगत आलो. तळणाऱ्या बाईचा डोळा कढईवर आणि हात किटलीवर असतो, त्यास मेंदूची परवानगी लागत नाही. आणि म्हणोनच आजवर कोणत्याही घरात कोणत्याही बाईस विचारा की आज तेल किती लागले, तर ती खरे सांगू शकणार नाही. खोटारडेपणाने नव्हे, तिला ठाऊकच नसते. आम्हांसही नव्हते. ही गोष्ट त्या दिवशी प्रथम आमचे ध्यानात आली, आणि भजी तेल पीतच नाहीत हे आमचे वाक्य घशात किंचित टोचू लागले.

पीठ उरले होते, कांदा उरला होता, दिवस उरला होता. तेव्हां दुसरी स्वारी तेच दुपारी करावी ऐसे ठरले, आणि बंदोबस्त कडक केला. तेलाची किटली चिरंजीवांचे मांडीवर, त्यांनी ती दोन्ही हातांनी आवळोन दुसऱ्या खोलीत बसावे. प्रत्येक घाण्यानंतर कढई निववोन वेगळी तोलावी. आणि कोणी चोरोन तेल घालू नये याजवर नजर ठेवावयास एक पहारेकरी हवा. घरात रिकामे कोण? घरधनी. बटाट्यांची टोपली खाली उतरवोन त्यांस ओट्यालगतच्या स्टुलावर बसविले आणि ताकीद दिली की डोळे कढईवर ठेवावे, भज्यांवर नव्हे.

पहिला घाणा उतरला. तोल जाहला. सूनबाईने दोनदा पाहिले, हिशेब केला, आणि आकडा निम्म्याच्या आत निघाला. फार आत नव्हे. उंबरठ्याच्या आत जैसे पाऊल पडावे तितका. चिरंजीवांचे मुख उतरले, किटली मांडीवर असल्याने त्यांस हातवारे करिता येईनात. आम्ही फक्त बांगड्या मागे सारिल्या.

दुसरा घाणा. तेच पीठ, तोच कांदा, तोच हात. उतरला, तोल जाहला, आणि सूनबाईने काटा पुसोन पुन्हा पाहिले.

"सांग ना," आम्ही म्हटले.

"दुप्पट, आई. पहिल्याच्या दुप्पट."

चिरंजीव किटलीसकट धावत आले. "बघ! मी काय म्हणत होतो? पहिला घाणा नशिबाने निघाला." आणि कागदावरील भजी दाखविली. कागद ऐसा तेलकट जाहला होता की त्यातोन पलीकडचे टेबल दिसत होते. भजी मऊ, फिकी, मान टाकिलेली. आमची भजी! आम्ही हयातीत ऐसी भजी कोणापुढे ठेविली नव्हती. किंवा ठेविली असतील आणि कोणी बोलले नसेल, हा विचार आला तो आणखी वाईट. कढई उचलोन माळ्यावर ठेवावयास चिरंजीवांनी स्टुलाकडे पाहिले, कारण माळ्यास हात पोहोचावयास ते स्टूल लागत होते. "बाबा, उठा जरा."

आणि आमचे सगळे आयुष्य त्या एका क्षणी आमचे कानांत आले. दुसऱ्या घाण्यास कढई बोलली नव्हती. पहिल्या घाण्यास चर्र जाहले होते, दुसऱ्यास नुसते पुटपुटली, जैसे कोणी उशीत तोंड घालोन बोलावे. तेल निवले होते. थंड तेलात पडलेले भजे काय करील? घाबरोन पिते. पण तेल निवले कसे? निववोन तोलिल्यावर आम्ही ते पुन्हा चांगले तापविले होते, पिठाचा थेंब टाकोन पाहिला होता, थेंब उसळोन वर आला होता. आम्ही वाकोन चुलीकडे पाहिले; तोलाचे घाईत गॅस मालवावयाचा राहिला होता. ज्योत वाटाण्याएवढी.

"सूनबाई, गॅस तू बारीक केलास?"

"नाही, आई."

"मी केला नाही. हा तर बाहेर किटलीला मिठी मारून बसला होता."

मग तिघांनी मिळोन स्टुलाकडे पाहिले. गॅसचे बटण घरधन्यांचे उजव्या कोपरापासोन वीतभर अंतरावर होते. स्वारीने प्रथम पंख्याकडे पाहिले.

"अहो, वर काय बघता? इकडे बघा. बटण कुणी फिरवलं?"

"मी राखण करत होतो," घरधनी म्हणाले.

"राखण डोळ्यांनी करतात. हात कुठे होता?"

"हात... हात असाच होता." मग थोडे थांबोन, "अगं, भसाभसा जळत होता. कढई तापली होती ना? मग मोठा कशाला? मी जरासा खाली केला. जरासाच."

"आज केलात, का नेहमी करता?"

यावर स्वारीने चपलांकडे पाहावयाचे मनात आणिले, परंतु चपला दाराशी होत्या. मग सूनबाईने वकिली सुरू केली, आणि ती वकिली पाहावयास गावातील सर्व वकील बोलवावयास हवे होते. गोड आवाजात म्हणाली, "बाबा, दर रविवारी तुम्ही पहिलं भजं उचलायला आत येता ना?"

"येतो की. तुम्हीही हसता तेव्हा."

"उचलता कुठल्या हाताने?"

"डाव्या."

"आणि उजवा?"

घरधनी आपल्या उजव्या हाताकडे ऐसे पाहू लागले की जैसे तो कोणा परक्याचा हात होता आणि आज प्रथमच ओळख जाहली. त्यांसही ठाऊक नव्हते. सुनेचा हात जैसा किटलीवर जातो तैसा त्यांचा बटणावर. पहिले भजे डाव्या हाताने उचलावे, उजव्याने ज्योत दाबावी, आणि तृप्त होऊन बाहेर जाऊन बसावे. मागे तेल निवावे, पुढचे घाणे तेल पिऊन जड व्हावे, आणि तेच घाणे बशी भरभरोन पुन्हा यांच्याच पुढे यावे. आणि रक्तात चरबी वाढली की बोट आम्हांकडे!

चिरंजीवांस शंका होती, म्हणोन तिसरा घाणा काढिला. घरधन्यांस हात मांडीखाली घालोन बसविले. ज्योत मोठी, तेल कडक, भजी थोडीच सोडली, गर्दी केली नाही. कढई बोलली. तोल जाहला, आकडा पुन्हा निम्म्याच्या आत, पहिल्याच्या जवळच. चिरंजीवांनी किटली ओट्यावर ठेविली आणि म्हणाले, "ठीक आहे, आई. कढई राहू दे." आमचा लेक पळतो, पण हरला तर पळून जात नाही, एवढे त्याचे खाती लिहितो.

तथापि कैफियतीत लबाडी नको, सबब हेही नमूद करणे की भजी तेल पीत नाहीत हे आमचे म्हणणे खोटे ठरले. पितात. मापात पितात, पण पितात, आणि डाळीचे पीठ कितीही गुणी असले तरी ते तेल काही उडोन जात नाही. चिरंजीवांचे निम्मे खरे, आमचे निम्मे खरे, आणि दोघांची निम्मी निम्मी जुळवोन नवा तह जाहला तो ऐसा की भजी एक रविवार आड व्हावी. घरधन्यांची बशी चहाच्या कपाखालची असावी, जेवणाची नव्हे. सोबत काकडी चिरलेली असावी, कारण काकडीने कोणाचे काही वाईट केलेले नाही. तळणीतले उरलेले तेल पुन्हा पुन्हा कढईत चढवू नये. आणि ज्योत कोणी खाली करू नये. एवढ्यावर चिरंजीव व सूनबाई संतुष्ट जाहले.

आम्ही नाही जाहलो. आमचे नाव अजोन डॉक्टरांचे खोलीत तैसेच पडले होते. ते आम्ही तोंडाने मागितले नाही. फक्त हात पुसले, पदर सोडिला, आणि चुलीपासोन बाजूस होऊन उभे राहिलो. पातेल्यात पीठ होते, कढई पुन्हा चुलीवर चढली होती, गॅस भसाभसा जळत होता, आणि तो जळताना पाहोन घरधन्यांचे काळजाचे पाणी होत होते. मांडीखालील हात सुटावयास तळमळत होता. मग स्वारी स्टुलावरोन उठली, आणि लेकाकडे पाहोन, सुनेकडे पाहोन, आम्हांकडे न पाहता म्हणाली, "त्या डॉक्टरला मी सांगेन. ही घालत नाही. मीच मागतो. मागतो काय, येऊन उचलतो."

"आणि तोंड कोण फुगवतं?" सूनबाईने पुसिले.

"तेही मीच."

मग आम्ही झारा त्यांचे हाती दिला. याजविषयी तहात कलम नव्हते. हे आमचे खास फर्मान. एवढी गॅसची काळजी आहे तर गॅससमोर उभे राहा आणि तळा. घरधन्यांनी झारा ऐसा धरिला की जैसी मीटरावर मारावयाची बॅटरी. पहिले भजे फार उंचावरोन सोडिले, तेल उडाले, स्वारी एक पाऊल मागे हटली, पण ओटा सोडिला नाही. दुसरे खाली आणोन सोडिले. तिसरे नीट पडले. कपाळास घाम आला, चष्म्यावर धूर बसला, ज्योतीकडे दहादा नजर गेली आणि दहादा हात बटणापाशी जाऊन परत आला, त्याचा पराक्रम आम्ही जातीने पाहिला. घाणा निघाला तो वेडावाकडा, कोठे चपटा, कोठे शेपूट फुटलेला, परंतु कागद कोरडा.

आम्ही टेबलापाशी खुर्ची ओढोन बसलो. सूनबाई बसली, चिरंजीव बसले. परात आली, रिकामी जाहली, दुसरा घाणा आला, तोही गेला, मग सूनबाईने चहाच्या कपाखालची बशी भरोन घरधन्यांपुढे केली, तेव्हां स्वारीने दोन उचलिली, एक खाल्ले, एक तिथेच ठेविले आणि म्हणाली, "नको वाटतंय आता. वासानेच पोट भरलं." चिरंजीव डोळे फाडोन पाहात राहिले. त्यांचे फोनात हे औषध नव्हते. आम्ही व सूनबाईने एकमेकींकडे पाहिले. ज्यांनी उन्हात, उकाड्यात, सणासुदीस आणि पाहुण्यारावळ्यांस चुलीसमोर उभे राहोन घाणे काढिले त्या सर्वांस ही गोष्ट पूर्वीपासोन ठाऊक आहे.

येणेप्रमाणे हे युद्ध त्या रविवारी दिवेलागणीपूर्वी समाप्त जाहले. कढई चुलीवर कायम राहिली, माळा कढईवाचून राहिला, रक्ताचा इलाज सापडला, चिरंजीवांचा मान राहिला, सूनबाईचा काटा खरा ठरला, आणि आमचे नाव ज्याने मळविले त्यानेच तेल अंगावर घेऊन धुतले. फत्ते जाहली. पुढे कोणी शंका काढील त्याने या घरी रविवारी यावे, येताना हात खिशात घालोन यावे, आणि बटणापासोन लांब उभे राहावे.

राहिले आमचे मत. घरधनी चुलीसमोर उभे होते, घामाने निथळत, झारा खाली धरोन, आणि विचारीत होते, "कशी झाली? काहीतरी बोल की." आम्ही शेवटचे भजे मोडिले, वाफ निघाली, ती जाऊ दिली, सावकाश चावोन खाल्ले आणि म्हणालो,

"मीठ कमी आहे. आकार तर विचारूच नका, बटाटा आहे का कांदा तेही ओळखू येत नाही. पण गरम आहेत हो. बसून खाल्लं की भजं एवढं गरम असतं, हे मला या वयात कळलं. आणखी एक घाणा टाका, माझ्यासाठी. आणि त्या बटणाला हात लावाल तर याद राखा."